आजीचा रेडिओ मी मॅट ब्लॅक केला, त्याची गोष्ट

(पॉडकास्टच्या या भागाचं हे शब्दांकन. अडखळे आणि खोकला काढलाय, बाकी जसं बोललो तसंच ठेवलंय.)

हेडफोन लावलेत ना? आज कोडिंग नाही, इंटरव्ह्यूच्या टिप्स नाहीत, नवा फोनही नाही. आज रंगकाम. घरातल्या प्लास्टिकच्या इलेक्ट्रॉनिक वस्तूंना वेगळा रंग कसा द्यायचा, यावर बोलू. राउटर, रेडिओ, स्पीकर, टेबल फॅन, असलं सगळं.

याचे रील्स तुम्ही बघितले असतीलच. पिवळट पडलेला एखादा डबा, त्यावर फस्स करून स्प्रे, आणि पुढच्या सेकंदाला एकदम शोरूममधून आल्यासारखा मॅट ब्लॅक. मीही ते बघूनच या नादाला लागलो. आणि त्यात एक गोष्ट अशी बिघडवून ठेवली की चार महिने मला पत्ताच नव्हता.

सुरुवात राउटरपासून झाली. पुण्यात आम्ही तिघं फ्लॅट शेअर करून राहतो. माझं टेबल काळं, मॉनिटर काळा, कीबोर्ड काळा, आणि मधोमध तो पांढराशुभ्र राउटर. एका रविवारी गॅलरीत बसून साध्या काळ्या ॲक्रिलिक स्प्रेने रंगवून टाकला. मस्त झाला. वाय-फायला काही झालं नाही, कारण साध्या रंगाच्या पातळ थरातून सिग्नल आरामात जातो. फक्त मेटॅलिक, सिल्व्हर, क्रोम असले रंग राउटरला मारू नका. त्यांच्यात धातूचे बारीक कण असतात, आणि अँटेनाभोवती धातूचं पांघरूण घालायचं काहीच कारण नाही.

तर राउटर जमला आणि माझे हात शिवशिवायला लागले. आता पुढचं काय? पुढचा होता आजीचा रेडिओ.

आमचं गाव सांगलीजवळ. आजी ८१ वर्षांची. तिचा ट्रान्झिस्टर बाबांच्या लग्नाच्याही आधीचा आहे. मुळात क्रीम रंगाचा, पुढे स्टेशनांच्या आकड्यांची पारदर्शक पट्टी, आणि खाली दोन गोल चॉकलेटी बटणं. डावं आवाजाचं, उजवं स्टेशन लावायचं. रोज पहाटे चहाचं आधण ठेवायचं आणि आकाशवाणी सांगली लावायची, हा तिचा कित्येक वर्षांचा नेम. मोबाइलवर लावून देतो म्हटलं तर म्हणते, "त्यात मध्येच कुणाचा तरी फोन येतोय."

आता हा रेडिओ पिवळा पडला होता. म्हणजे खिडकीकडची बाजू अगदी तूप सांडल्यासारखी, आणि मागची बाजू अजून बरी. असल्या वस्तूंचं प्लास्टिक बऱ्याचदा एबीएस असतं. त्यात रबरासारखा एक भाग असतो, ब्युटाडाइनचा, त्यामुळे ते पडलं तरी सहज तडकत नाही. पण ऊन, उष्णता आणि हवेतला ऑक्सिजन यांनी तोच भाग आधी बदलतो आणि प्लास्टिक पिवळं पडतं. हा मळ नव्हे, त्यामुळे घासून जात नाही. आई बिचारी वर्षानुवर्षं भांड्याचा साबण लावून घासत होती.

पिवळेपणा काढायची एक पद्धत आहे, हायड्रोजन पेरॉक्साइड लावून उन्हात ठेवायचं. जुन्या कॉम्प्युटरच्या शौकिनांमध्ये ही २००८ च्या सुमारास पसरली, रेट्रोब्राइट म्हणतात तिला. पण तीव्र पेरॉक्साइड हाताला लागलं तर कातडी भाजते, आणि पिवळेपणा पुन्हा येऊ शकतो. शिवाय खरं सांगू का, मला तो पांढरा करायचाच नव्हता. मला मॅट ब्लॅक हवा होता. आजीला काय हवंय हे मी विचारलंच नाही.

मे महिन्यात सुट्टी टाकून गेलो. दुपारी गच्चीवर कडक ऊन होतं, पण हवा कोरडी, ती रंगाला योग्य. आधी सेल काढले, मग मागचे चार स्क्रू. तरी झाकण निघेना. पाचवा स्क्रू सेलच्या खणात लपलेला निघाला. कुठल्याही वस्तूत जोर लावायच्या आधी लपलेला स्क्रू शोधायचा, लेबलखाली, रबरी पायांखाली, सेलच्या खणात. आणि प्रत्येक पायरीला मोबाइलवर फोटो. कुठली वायर कुठे होती हे आपल्याला आठवतं असं वाटतं, पण आठवत नाही.

इथे पहिली चूक झाली. रंगाआधी तेलकटपणा काढायला हवा, हे मला माहीत होतं. स्वयंपाकघरातल्या वस्तूवर फोडणीचा एक चिकट थर बसलेलाच असतो, आणि त्यावर रंग धरत नाही. हार्डवेअरच्या दुकानात विचारलं तर ते म्हणाले, "थिनर न्या की, सगळ्याला चालतंय." घेतलं आणि फडक्याने पुसायला लागलो. फडकं त्या पारदर्शक पट्टीच्या कोपऱ्याला लागलं मात्र, कोपरा एकदम धुरकट झाला. बघता बघता बारीक भेगा पडल्या. एबीएस, पॉलिस्टायरीन आणि तसली पारदर्शक प्लास्टिकं या थिनरमध्ये, नेलपेंट रिमूव्हरच्या ॲसिटोनमध्ये, चक्क विरघळायला लागतात. तेव्हा पुसायला आधी साबणाचं पाणी, मग पूर्ण सुकवून आयसोप्रोपिल अल्कोहोल. तेही आधी आतल्या, न दिसणाऱ्या कोपऱ्यात लावून बघायचं. पारदर्शक भागाला तर लावायचंच नाही.

पुढचं काम मात्र मी मन लावून केलं. वॉटर पेपरने हलकं घासलं, आधी ४०० नंबर, मग ८००. खोल घासायचं नसतं, फक्त चकाकी मारायची म्हणजे रंगाला धरायला जागा मिळते. मग प्लास्टिकचा प्रायमर. मग रंग, साधारण वीत-सव्वा वीत अंतरावरून, हात सतत हलता ठेवून, पातळ पातळ चार थर, दोन थरांमध्ये दहा-पंधरा मिनिटं. पहिला थर दिल्यावर वस्तू भयानक दिसते, डागाळलेली. तिथेच माणूस घाबरून जाड थर मारतो आणि रंगाचे ओघळ येतात. घाबरायचं नाही.

आणि हो, वस्तू कुठल्या प्लास्टिकची आहे ते आधी बघा. बऱ्याचदा झाकणाच्या आतल्या बाजूला बारीक अक्षरांत उमटवलेलं असतं. एबीएस किंवा पीएस असेल तर रंग चांगला धरतो. पीपी म्हणजे पॉलिप्रॉपिलीन असेल तर साध्या प्रायमरवर काही दिवसांत सालपटं निघतात. त्याला ॲडहीजन प्रमोटर नावाचा वेगळा थर आधी द्यावा लागतो. नाहीतर सरळ सोडून द्या.

संध्याकाळपर्यंत रेडिओ तयार. काय दिसत होता यार! बॉडी मॅट ब्लॅक, बटणं मॅट ब्लॅक. बटणांवरची ती पांढरी रेघ, बॉडीवर कोरलेली अक्षरं, सगळं त्या काळ्यात एकजीव. फोटो टाकला, ऑफिसच्या ग्रुपवर सगळ्यांनी आगीचे इमोजी दिले. आजीने हात फिरवून बघितला आणि म्हणाली, "नवा कोरा दिसतोय की रं." मी खूश. दुसऱ्या दिवशी पुण्याला परत.

मग गणपतीला गेलो.

पहिल्या दिवशी पहाटे जाग आली आणि काहीतरी चुकतंय असं वाटलं. थोड्या वेळाने लक्षात आलं, रेडिओचा आवाज नाही. स्वयंपाकघरात गेलो तर झिरो बल्ब लावलेला, आजी चहाचं आधण ठेवून गप्प बसलेली. रेडिओ कपाटावर, त्यावर तिचा विणलेला रुमाल. विचारलं तर म्हणाली, "ऐकते की कधीमधी."

आईने नंतर बाजूला घेऊन सांगितलं. तू गेलास तेव्हापासून तिने स्वतःहून लावलेलाच नाही. पहिले आठ-दहा दिवस रोज पहाटे मला हाक मारायची, जरा लावून दे म्हणून. मग हाक मारणंही बंद केलं.

थोडं मागचं सांगतो. आजीच्या डोळ्यांचं आम्हाला माहीत होतं. दोन वर्षांपूर्वी मिरजेला दाखवलं होतं. डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग, मॅक्युला म्हणतात त्याला, तो वयामुळे झिजत चाललाय. कडेचं दिसतं, पण ज्याच्याकडे थेट बघावं तेच पुसट होतं. चष्म्याचा नंबर बदलून हे सुधारत नाही. आणि त्यात एक गोष्ट फार लवकर जाते, ती म्हणजे जवळजवळच्या दोन छटांमधला फरक ओळखणं. पांढऱ्या ताटलीतला भात, क्रीम भिंतीवरचं क्रीम बटण. हे सगळं मला डॉक्टरांनीच सांगितलं होतं, मीच तिला घेऊन गेलो होतो. आणि मीच क्रीमवर चॉकलेटी असलेली बटणं, जी तिला अजून दिसत होती, काळ्यावर काळी करून ठेवली.

दुपारी तिच्याजवळ बसलो. म्हटलं, आजी, खरं सांग. ती म्हणाली, "बटनं हाताला लागत्यात रं. पण कुठलं कुठलं ते कळंना. एकदा आवाजाचं म्हणून फिरवलं तर स्टेशनच गेलं. मग पुन्हा काय केल्या लागंना."

"अगं मग मला फोनवर का नाही सांगितलंस?"

"तू एवढं हौसेनं केलं हुतंस."

मी काय बोलणार?

आता गंमत बघा, म्हणजे गंमत कसली, लाज. मी ऑफिसमध्ये ॲपच्या स्क्रीन बनवतो. अक्षर आणि मागचा रंग यांच्यात किती फरक हवा याचं जागतिक मापदंडात गुणोत्तर ठरलेलं आहे. साध्या अक्षराला किमान ४.५ ला १, बटणासारख्या गोष्टीला ३ ला १. पांढऱ्यावर काळं असेल तर २१, त्याच्या वर जाताच येत नाही. करड्यावर करडं बटण ठेवलं म्हणून मी ज्युनिअर पोरांचं काम परत पाठवलंय. कॉमेंट लिहिलीय, "वयस्कर वापरणाऱ्यांना दिसणार नाही." आणि घरी ८१ वर्षांच्या बाईच्या हातात एकाला एक देऊन आलो.

असो. दुरुस्ती लगेच करायला घेतली, आणि तीही आधी चुकलीच.

बॉडी काळीच ठेवायची ठरवली, कारण स्वयंपाकघराची भिंत क्रीम आहे आणि काळा डबा त्यावर तिला लांबूनही दिसतो. बदलायची होती बटणं. मी लाल रंग आणला. लाल म्हणजे ठळक, हे आपल्या डोक्यात बसलेलं असतं. बाहेर पाऊस चालू होता, तरी घाईने पडवीत बसून मारला. दमट हवेत रंग सुकताना त्यावर बाष्प धरतं आणि पांढरट, धुरकट थर येतो. तसाच आला. म्हणून सांगतो, पावसाळ्यात स्प्रेच्या वाटेला जाऊ नका. पण खरी अडचण पुढेच होती. दुसऱ्या दिवशी पहाटे झिरो बल्बच्या उजेडात आजीने बघितलं आणि म्हणाली, "काळंच हाय की अजून." मी बघितलं, तर खरंच, मलासुद्धा काळं दिसत होतं.

याला नाव आहे, पुर्किन्ये परिणाम. एकोणिसाव्या शतकातल्या पुर्किन्ये नावाच्या चेक शास्त्रज्ञाच्या हे लक्षात आलं की भर उजेडात भडक दिसणारा लाल रंग अंधुक उजेडात काळपट होतो. मंद प्रकाशात आपल्या डोळ्यातल्या वेगळ्या पेशी काम करतात आणि त्यांना लाल जवळजवळ दिसतच नाही. मी बटणं ट्यूबलाइटखाली तपासत होतो. आजी ती वापरते पहाटे.

मग यावेळी तिलाच विचारलं, कुठला रंग देऊ? ती उठली, मिसळणाच्या डब्यातली हळदीची वाटी घेऊन आली. "असला दे." सांगलीच्या माणसाला पिवळा रंग विचारला तर तो दुसरं काय आणणार! आणि तिचं बरोबर होतं. काळ्यावर शुद्ध पिवळ्याचं गुणोत्तर स्क्रीनवर मोजलं तर १९ च्या पुढे जातं.

यावेळी बटणं पुण्याला घेऊन आलो आणि पाऊस उघडल्यावर शांतपणे केली. आधीचे थर घासून काढले. पिवळा रंग पातळ असतो, खालचा रंग झाकत नाही. काळ्यावर मारला तर शेवाळी दिसतो. म्हणून आधी पांढरा प्रायमर, मग पिवळा, मग वरून मॅट क्लिअर कोट. मॅटच घ्यायचा, चकाकणाऱ्यावर बल्बची तिरीप येते आणि अशा डोळ्यांना ती फार त्रास देते. स्टेशनचं बटण पिवळं, आवाजाचं पांढरं. एका थराची जाडी दहा-वीस मायक्रॉन असते म्हणे, पण सगळे मिळून इतके झाले की बटण भोकाच्या कडेला घासायला लागलं. आतली कड पुन्हा घासावी लागली. मोबाइलच्या किंवा रिमोटच्या घट्ट बसणाऱ्या बटणांना म्हणूनच रंग देऊ नये, अडकतात.

आणि एक जास्तीचं काम केलं. पिवळ्या बटणाच्या कडेला एम-सीलचा छोटा ठिपका बसवला, फोनच्या कीपॅडवर ५ वर असतो ना, तसा. स्टेशनचं बटण आतल्या दोरीवर चालतं, त्यामुळे पूर्ण पट्टी पार करायला ते बरेच फेरे घेतं. आजीला शिकवलं, आधी डावीकडे अडेपर्यंत फिरव, मग उजवीकडे. ठिपका बोटाखालून तीनदा गेला की सांगली. जरा मागेपुढे करावं लागतं, पण लागतं.

बटणं लगेच बसवली नाहीत. रंग हाताला तासाभरात सुकल्यासारखा लागतो, पण आतून कडक व्हायला आठवडा लागतो. त्याआधी अंगठ्याने दाबलात तर ठसा कायमचा.

आता काय करू नये, ते भरभर सांगतो. मायक्रोवेव्ह उघडू नका, त्यातला कपॅसिटर प्लग काढल्यावरही जीव घेण्याइतका चार्ज धरून ठेवू शकतो. जुना डबा टीव्हीही नाही. थेट प्लगवर चालणाऱ्या वस्तूंच्या आतसुद्धा जपून. आपल्या २३० व्होल्टचा सप्लाय आत डीसी होताना ३२५ व्होल्टच्या आसपास जातो आणि बंद केल्यावरही थोडा वेळ राहू शकतो. इस्त्री, हेअर ड्रायर, हीटर यांच्या तापणाऱ्या भागांना रंग नको. चार्जर आणि अडॅप्टरला नको. मिक्सरच्या भांड्याला आतून तर अजिबात नको. हवेच्या जाळ्या बुजवायच्या नाहीत. मागचं व्होल्ट-वॅटचं लेबल मास्किंग टेपने झाकायचं, उद्या दुरुस्तीवाल्याला तेच लागणार. रिमोटच्या तोंडाशी जे काळं प्लास्टिक असतं ते आपल्याला काळं दिसतं, पण इन्फ्रारेडला आरपार असतं. त्यावर रंग गेला की रिमोट मेला. आणि स्प्रे गॅसच्या शेगडीजवळ, देवघरातल्या दिव्याजवळ कधीच नाही. कॅनमधला वायू बहुतेक वेळा पेटणारा असतो. कापडी मास्क रंगाचे थेंब थोडेफार अडवतो, वाफ अडवत नाही. मोकळ्या हवेत करा आणि शक्य असेल तर कार्ट्रिजवाला मास्क घ्या.

वॉरंटी असलेली वस्तू उघडायची की नाही, ते तुमचं तुम्ही बघा. माझा रेडिओ त्या काळजीच्या पलीकडचा होता.

दिवाळीला बटणं नेऊन बसवली. पाडव्याच्या पहाटे मी मुद्दाम लवकर उठलो, पण स्वयंपाकघरात गेलो नाही, अंथरुणातच पडून राहिलो. आधी टक् झालं. मग खरखर. मग एक कुठलं तरी कन्नड स्टेशन जोरात लागलं आणि आजी त्याला काहीतरी पुटपुटली. पुन्हा खरखर. आणि मग सांगली.

गेल्या आठवड्यात आईने फोटो पाठवलाय. पिवळ्या बटणाच्या कडेचा रंग उडालाय, बरोबर तिचा अंगठा टेकतो तिथे, आणि खालचा पांढरा प्रायमर दिसतोय. सोबत आजीचा निरोप, टीव्हीच्या रिमोटचं चालू-बंदचं बटणही तसलंच करून दे. त्या बटणावर चढवायला पिवळ्या रबराची टोपी शोधतोय. कुणाला मिळाली असेल तर कॉमेंटमध्ये सांगा. चला, भेटू पुढच्या भागात.